रंग गेला, पण कुठे?
विजेने सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास

देवणी म्हटले की आपल्याला तिथली जनावरे आठवतात. काळ्या-पांढऱ्या अंगाची देवणी गाय आणि मेहनती बैल यांच्यामुळे लातूर जिल्ह्याच्या टोकाला, कर्नाटकच्या सीमेजवळ असलेल्या या गावाचे नाव दूरवर पोचले आहे. आम्ही मात्र देवणीला गेलो ते तीन ग्लास, एक पाकीटभर खिळे आणि चार पेन्सिली घेऊन. विज्ञानाच्या शिक्षकांची बैठक होती. विद्युत अपघटनाचा धडा पाठ्यपुस्तकाबाहेर कसा नेता येईल, हा विषय होता.

तिन्ही ग्लासांत आम्ही मिठाईवाले वापरतात तो लाल खाद्यरंग चिमूटभर विरघळवला. पहिल्या ग्लासात मीठ घालून दोन लोखंडी खिळे सोडले. दुसऱ्यातही मीठच घातले, पण खिळ्यांच्या जागी दोन्ही टोके तासलेल्या दोन पेन्सिली ठेवल्या. तिसऱ्यात मिठाऐवजी खायचा सोडा घातला आणि पुन्हा पेन्सिलीच ठेवल्या. प्रत्येक ग्लासाला नऊ व्होल्टची एकेक बॅटरी जोडली. पंधरा मिनिटांनी पहिल्या ग्लासात हिरवट-तपकिरी गाळ धरला आणि वरचे पाणी फिकट झाले. दुसऱ्यातला लाल रंग जवळजवळ नाहीसा झाला. तिसऱ्या ग्लासात बुडबुडे भरपूर आले, रंग मात्र फारसा हलला नाही.

मागच्या बाकावरच्या एका ज्येष्ठ गुरुजींनी विचारले, "सर, रंग गेला हे खरं. पण गेला म्हणजे नेमका कुठं गेला?"

प्रश्न साधा वाटतो, पण विजेच्या साहाय्याने पाणी शुद्ध करण्याच्या सव्वाशे वर्षांहून जास्त काळाच्या खटाटोपाचा तो गाभा आहे. 'गेला' या शब्दाचे तीन अर्थ होऊ शकतात. एक, तो पाण्यातून निघून दुसरीकडे, म्हणजे गाळात गेला. दोन, त्याचा रेणू मोडला, पण तुकडे पाण्यातच राहिले. तीन, तो पुरता जळला आणि त्याचे कार्बन डायऑक्साइड व पाणी झाले. तिन्हींत डोळ्यांना दिसते ते एकच, रंग गेलेले पाणी. हे अर्थ वेगळे ओळखायला माणसाला बराच काळ लागला.

पहिला ग्लास : थेम्सच्या काठी

१८०० साली व्होल्टाने आपल्या विद्युत घटाची माहिती लंडनला कळवली. त्याच वर्षी निकोल्सन आणि कार्लाइल यांनी त्या विजेने पाण्याचे अपघटन केले. १८३३-३४ मध्ये फॅरेडेने किती विजेने किती पदार्थ मोकळा होतो याचे नियम सांगितले. म्हणजे तत्त्व हाती आले होते. पण घटांतून मिळणारी वीज फार महाग होती. डायनॅमो आल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस-तीस वर्षांत ती मोठ्या प्रमाणावर मिळू लागली.

नेमक्या त्याच काळात लंडन आपल्या मैल्याने बेजार झाले होते. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सला इतकी दुर्गंधी सुटली की संसदेचे कामकाज चालवणे कठीण झाले. त्यानंतर बॅझलगेट या अभियंत्याने मोठी गटारे बांधली आणि मैला शहराच्या खालच्या अंगाला नेऊन सोडला. मैला तेथून हलला, पण नष्ट झाला नव्हता. आपल्या गुरुजींचा प्रश्न तिथेही लागू होता!

या खालच्या अंगाच्या क्रॉसनेस केंद्रावर १८८० च्या दशकाच्या अखेरीस विल्यम वेबस्टर याने वेगळा प्रयोग केला. त्याने सांडपाण्यात लोखंडी पट्ट्या उभ्या करून त्यांतून वीज सोडली. धनाग्राचे लोखंड विरघळून फेरस आयन पाण्यात येतात. ऋणाग्रापाशी हायड्रोजन सुटतो आणि हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. दोन्ही मिळून आधी हिरवट आणि मग हवेतल्या ऑक्सिजनमुळे तपकिरी होणारा लोह हायड्रॉक्साइडचा साका तयार होतो. हा साका पाण्यातली घाण आपल्याभोवती गोळा करून खाली बसतो.

हे आपल्या घरात नवे नाही. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो तेव्हा अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड हेच काम करते. फरक इतकाच, की वेबस्टर तुरटी बाहेरून घालत नव्हता, तर विजेने पाण्यातच 'लोखंडाची तुरटी' बनवत होता. या पद्धतीला आज विद्युत-किलाटन म्हणतात.

आपला पहिला ग्लास म्हणजे वेबस्टरचे क्रॉसनेस. त्यात मीठ असूनही क्लोरीन जवळजवळ निघत नाही, कारण क्लोराइडपेक्षा लोखंडाला इलेक्ट्रॉन देणे सोपे जाते. रंग मुख्यतः गाळात जातो. वेबस्टरचे पाणी स्वच्छ झाले, पण लोखंड आणि वीज यांचा खर्च होता आणि गाळाचे करायचे काय हा प्रश्न उरलाच.

तरीही हा मार्ग काही ठिकाणी योग्यच ठरतो. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, पिण्याच्या पाण्यातले जादा फ्लोराइड काढण्यासाठी अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि सौर वीज वापरणारी संयंत्रे उभारली. त्यांतले एक चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचे. फ्लोरीन हे मूलद्रव्य आहे. ते मोडता येत नाही, जाळता येत नाही. ते फक्त पाण्यातून उचलून गाळात ठेवता येते. म्हणजे फ्लोराइडच्या बाबतीत 'गेला'चा पहिला अर्थ हाच एकमेव अर्थ आहे. सेंद्रिय पदार्थांचे तसे नाही. कार्बनी रेणू जाळून संपवता येतात, निदान तत्त्वतः.

दुसरा ग्लास : समुद्राच्या पाण्याचे औषध

वेबस्टरच्याच काळात फ्रान्समध्ये यूजीन हर्मिट याने दुसरी वाट धरली. त्याने समुद्राच्या पाण्यातून वीज सोडली. धनाग्र न विरघळणारे असेल तर क्लोराइडपासून क्लोरीन सुटतो आणि तो पाण्यात मिसळून हायपोक्लोराइट बनतो. हे पाणी गटारांत सोडून मैला निर्जंतुक करावा, अशी त्याची कल्पना होती. इंग्लंडमधल्या वर्दिंग या समुद्रकाठच्या गावात १८९३ साली विषमज्वराची मोठी साथ आली. पुढच्याच वर्षी तिथे हर्मिटच्या पद्धतीची चाचणी झाली.

आपला दुसरा ग्लास हर्मिटचा. खाद्यरंगाचा लाल रेणू अॅझो वर्गातला असतो. त्यात दोन नायट्रोजन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात आणि रंग बराचसा त्या जोडणीवर अवलंबून असतो. क्लोरीनने ती जोडणी तोडली की रंग संपतो. पण जोडणीच्या दोन्ही बाजूंना बेंझीन किंवा नॅप्थॅलीनची वलये होती. त्यांचे तुकडे कुठे गेले? बरेचसे पाण्यातच, आणि काहींना क्लोरीन चिकटलेला.

हा चिकटलेला क्लोरीन किती महत्त्वाचा आहे ते १९७४ मध्ये ध्यानात आले. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम येथे योहानेस रूक या रसायनतज्ज्ञाने दाखवून दिले, की नदीच्या पाण्यात क्लोरीन घातला की पाण्यातल्या नैसर्गिक सेंद्रिय पदार्थांपासून क्लोरोफॉर्मसारखी संयुगे तयार होतात. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन घालू नये असा याचा अर्थ नव्हे. क्लोरीनने अगणित जीव वाचवले आहेत. अर्थ एवढाच, की आधी सेंद्रिय घाण काढावी आणि मग क्लोरीन घालावा. सेंद्रिय घाण काढायचे काम क्लोरीनवरच सोपवले, तर दिसणारी घाण जाऊन न दिसणारी मागे राहू शकते.

मध्येच जिवाणू जिंकले

वेबस्टर आणि हर्मिट दोघांनाही मागे टाकले ते जिवाणूंनी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मैला कुजवून त्याची विल्हेवाट लावण्याचे प्रयोग जोरात सुरू झाले. आपली मुंबईही त्यात होती. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ च्या सुमारास मैल्यापासून निघणारा वायू गोळा करून वापरण्याची सोय केली गेली. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी हवा खेळवून जिवाणूंकडून सांडपाणी शुद्ध करण्याची 'सक्रिय गाळ' पद्धत मांडली. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले.

जिवाणू का जिंकले, याचे उत्तर फॅरेडेच्या नियमातच आहे. हे गणित नववी-दहावीच्या मुलांकडून फळ्यावर करून घेता येते.

सांडपाण्यातले सेंद्रिय पदार्थ पूर्ण जाळायला जितका ऑक्सिजन लागेल त्याला रासायनिक ऑक्सिजन मागणी म्हणतात. ऑक्सिजनच्या एका रेणूच्या जागी चार इलेक्ट्रॉन लागतात. म्हणजे ३२ ग्रॅम मागणीसाठी ४ गुणिले ९६,५०० कूलोम. एक किलो मागणीसाठी हा आकडा सुमारे १ कोटी २० लाख कूलोम, म्हणजे ३,३५० अँपिअर-तास होतो. घटाला ५ व्होल्ट लागतात असे धरले, तर पावणेसतरा युनिट वीज झाली. हा खर्च एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही तरचा. प्रत्यक्षात बरीच वीज पाण्यातून ऑक्सिजन सोडण्यातच जाते आणि खर्च दुप्पट-चौपट होतो. याउलट जिवाणूंना हवा पुरवायला किलोमागे साधारण एक-दीड युनिट पुरते. बाकीचे इलेक्ट्रॉन हवेतला ऑक्सिजन फुकट वाहून नेतो.

मग विजेचे नाव पुन्हा का निघाले? कारण सगळ्याच गोष्टी जिवाणूंना पचत नाहीत.

जे जिवाणूंना पचत नाही

आपल्या भागातली दोन उदाहरणे घेऊ. पहिले कापडाच्या रंगाचे. सोलापूरची चादर किंवा इचलकरंजीचे कापड धुतल्यावर रंग जाऊ नये, उन्हात विटू नये, अशी आपली अपेक्षा असते. रसायनतज्ज्ञांनी ती पुरी केली. पण साबण, ऊन आणि घाम यांना दाद न देणारा रेणू जिवाणूंना तरी का दाद देईल? कापडावरचा गुण सांडपाण्यात अवगुण ठरतो.

दुसरे उदाहरण मळीचे. लातूर-नांदेड भागात ऊस आणि साखर कारखाने वाढले. साखरेनंतर उरलेल्या मळीपासून मद्यार्क बनतो. एक लिटर मद्यार्कामागे साधारण ८ ते १५ लिटर गडद तांबडे सांडपाणी निघते. त्याला कारखान्यात 'स्पेंट वॉश' म्हणतात. त्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या घरात असते. नदीत सोडायच्या पाण्याची कायद्याने घातलेली मर्यादा आहे २५० मिलिग्रॅम. या पाण्यापासून जिवाणू भरपूर बायोगॅस बनवतात, पण नंतरही तांबडा रंग राहतो. हा रंग साखर आणि अमिनो आम्ले यांच्या संयोगातून बनणाऱ्या मेलॅनॉयडिनचा. तव्यावरच्या भाकरीला खरपूस डाग पडतात ते याच जातीच्या क्रियेने, जिचे वर्णन १९१२ मध्ये मायार याने केले. भाकरीवर तो रंग हवाहवासा वाटतो, विहिरीच्या पाण्यात मात्र नाही.

महाराष्ट्राने जलप्रदूषण रोखण्याचा कायदा १९६९ मध्ये, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधी केला. त्यानुसार १९७० मध्ये राज्याचे प्रदूषण मंडळ स्थापन झाले. मर्यादा आल्या तशी न पचणाऱ्या शेवटच्या अंशाकडे नजर गेली, आणि वेबस्टर-हर्मिटची जुनी विद्या पुन्हा बाहेर निघाली.

तिसरा ग्लास : धनाग्राचा शोध

आता तिसऱ्या ग्लासाकडे येऊ. त्यात क्लोराइड नाही, म्हणून क्लोरीन नाही. विरघळणारे लोखंड नाही, म्हणून साका नाही. धनाग्रावर पाण्यापासून ऑक्सिजन निघतो, पण रंगाला तो फारसा इजा करत नाही. म्हणजे दुसऱ्या ग्लासात रंग उडवणारा क्लोरीनच होता, हे या ग्लासाने सिद्ध केले. शिक्षकांनी हा ग्लास 'प्रयोग फसला' म्हणून बाजूला ठेवू नये. तिघांत तोच सर्वांत जास्त शिकवतो.

सेंद्रिय रेणू खरोखर जाळायचा तर ऑक्सिजनपेक्षा उग्र काहीतरी हवे. त्याचा माग १८९४ सालीच लागला होता. केंब्रिजच्या फेंटन याने दाखवले, की हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये फेरस क्षार घातला की टार्टारिक आम्लाचे जोरात ऑक्सिडीकरण होते. चाळीस वर्षांनी, १९३४ मध्ये, हाबर आणि वाइस यांनी यामागे हायड्रॉक्सिल मूलक असल्याचे सुचवले. पाण्याच्या रेणूतून एक हायड्रोजन अणू काढला की उरतो तो हा मूलक. क्षणभरच जगतो, पण समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो.

विजेने हे मूलक धनाग्रावर बनवता येतात. पण धनाग्र कशाचे करायचे? ग्राफाइट झिजते, प्लॅटिनम परवडत नाही. १९६० च्या दशकात हेन्री बीअर याने टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडचा थर दिलेले टिकाऊ धनाग्र तयार केले. त्याने क्लोरीन उद्योगाचा कायापालट झाला. आपल्याकडे तमिळनाडूतल्या कराईकुडीच्या केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्थेने असे टायटॅनियम धनाग्र देशी पद्धतीने विकसित केले. क्लोरीनसाठी ते उत्तम होते, सेंद्रिय पदार्थ जाळण्यासाठी मात्र कमी पडले.

असे का, याचा खुलासा स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथील कॉम्निनेलिस यांनी १९९४ मध्ये केला. काही धनाग्रे मूलकाला घट्ट धरून ठेवतात. त्यांच्यावर रेणू अर्धवटच मोडतो, त्याचे रूपांतर होते. टिन ऑक्साइडसारखी काही धनाग्रे मूलकाला सैल सोडतात. त्यांच्यावर रेणू शेवटपर्यंत जळतो, त्याचे ज्वलन होते. रूपांतर आणि ज्वलन हा भेद म्हणजे आपल्या गुरुजींचा दुसरा आणि तिसरा अर्थच! मूलकाला सर्वांत सैल सोडणारा पदार्थ निघाला चक्क हिरा. शुद्ध हिऱ्यातून वीज जात नाही, पण किंचित बोरॉन मिसळून बनवलेल्या कृत्रिम हिऱ्याच्या पातळ थरातून ती जाते.

दुसरी वाट ऋणाग्राची. कार्बनच्या ऋणाग्रापाशी हवा सोडली की ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते आणि त्यात थोडे लोह असले की फेंटनची क्रिया तिथेच सुरू होते. बार्सिलोनाचे ब्रियास आणि फ्रान्समधले उतुरान यांच्या गटांनी या 'विद्युत-फेंटन' पद्धतीवर पुष्कळ काम केले.

मग लातूरला याचा उपयोग काय?

२०१६ चा उन्हाळा आपण विसरलेलो नाही. लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी आली. एका वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. ज्या भागात पाण्याला अशी किंमत मोजावी लागली, तिथे वापरलेले पाणी पुन्हा वापरण्याजोगे करणे ही चैन नव्हे.

पण आशेलाही गणित हवे. एक घनमीटर कच्चा स्पेंट वॉश म्हणजे सुमारे १०० किलो मागणी. ती सगळी विजेने भागवायची तर कमीत कमी १,६७५ युनिट लागतील. महिन्याला १४० युनिट जाळणाऱ्या घराची ही वर्षभराची वीज झाली. कोणी म्हणाले, की आमचे यंत्र मळीचे पाणी निव्वळ विजेने स्वस्तात शुद्ध करते, तर मुलांनी एवढे गणित मांडून दाखवावे.

आता दुसरे उदाहरण. जिवाणूंनी आपले काम केल्यावर कापड-रंगाच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम मागणी उरली आणि ती २५० वर आणायची आहे. तर वाघिणीभर, म्हणजे ५० घनमीटर पाण्यासाठी साडेबारा किलो मागणी भागवायची. त्याला किमान २१० युनिट, आणि वीज वाया जाते ते धरून कदाचित ६००-८०० युनिट. हे अशक्य नाही. ऊन तर आपल्याकडे भरपूर आहे. म्हणजे विजेची जागा जिवाणूंच्या ऐवजी नसून जिवाणूंच्या नंतर आहे. आणखी एक अडचण लक्षात ठेवायला हवी. कापड रंगवताना मीठ बरेच वापरतात. त्यामुळे वीज सहज वाहते, पण क्लोरीनही निघतो. हिऱ्याचे धनाग्र असले तरी क्लोराइडपासून क्लोरेट, परक्लोरेट बनू शकतात. म्हणून पाणी सोडण्यापूर्वी रंगापलीकडच्या तपासण्या कराव्याच लागतात.

वर्गात करून पाहताना

हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा, मुलांनी निरीक्षण करावे. खिडक्या उघड्या ठेवाव्या, दुसऱ्या ग्लासाचा वास घेऊ नये, आणि पंधरा मिनिटांहून जास्त वेळ तो चालू ठेवू नये. घरातली मुख्य वीज कधीही वापरू नये, बॅटरीच वापरावी. वीज न सोडलेले, मीठ आणि सोडा घातलेले लाल पाण्याचे दोन ग्लास तुलनेसाठी शेजारी ठेवावेत. शेवटी पहिल्या ग्लासातले पाणी गाळण-कागदातून गाळावे आणि कागदावर काय उरते ते पाहावे.

देवणीला प्रयोग आटोपल्यावर आम्ही ग्लास उचलून पाणी बाहेर ओतायला निघालो. गुरुजींनी हटकले, "थांबा. आधी सांगा, कुठं ओतणार?" बाहेर शाळेच्या आवारात लिंबाचे झाड होते आणि पलीकडे हातपंप. आम्ही गाळ कागदात बांधून घेतला. ग्लास मात्र बराच वेळ टेबलावरच राहिले. त्या अर्ध्या तासात झालेली चर्चा आमच्या तयार केलेल्या व्याख्यानापेक्षा चांगली होती.